अपुरी आधारसामग्री आणि बहुपदीचे सहगुणक : जनगणनेवरील एका परिचित उदाहरणाची चिकित्सा

गोषवारा :

अंकीय विश्लेषणाच्या पदवीस्तरीय अभ्यासक्रमात जनगणनेचे पाच-सहा आकडे देऊन पुढील वा मधल्या वर्षाची लोकसंख्या काढावयास सांगणारे उदाहरण हमखास आढळते. आकडे जेवढे, तेवढेच सहगुणक असलेली बहुपदी त्यात गृहीत धरलेली असते. प्रस्तुत लेखात भारताच्या १९५१ ते २०११ या काळातील जनगणनांचे आकडे घेऊन या रीतीची चिकित्सा केली आहे. अंतर्वेशनासाठी उपयुक्त ठरणारी ही रीत बहिर्वेशनात कशी कोसळते, 'आर-वर्ग' एक येण्याला अर्थ का नसतो आणि आकडे थोडे असताना विश्वासार्हता नेमकी कोठून येते, या प्रश्नांचा विचार येथे केला आहे.

प्रस्तावना :

गणिताच्या अध्यापनात काही उदाहरणे पिढ्यानपिढ्या चालत येतात. वर्षे आणि आकडे बदलतात, साचा तोच राहतो. 'एका शहराची दशवार्षिक जनगणनेतील लोकसंख्या खालीलप्रमाणे आहे. अमुक वर्षाची लोकसंख्या काढा' हे त्यांपैकीच एक. विद्यार्थी अंतरांचे कोष्टक मांडतो, न्यूटनचे अग्रगामी किंवा पश्चगामी सूत्र लावतो, उत्तर काढतो आणि गुण मिळवतो. या कृतीत गणिती चूक कोणतीच नसते. तथापि उत्तर गणिताने बरोबर असणे आणि त्यावर विश्वास ठेवता येणे या दोन भिन्न बाबी आहेत. पाठ्यपुस्तकात हा भेद क्वचितच सांगितला जातो.

हा प्रश्न केवळ वर्गापुरता मर्यादित नाही. हेच विद्यार्थी पुढे संशोधक होतात. भूगोल, अर्थशास्त्र, वाणिज्य, पर्यावरणशास्त्र अशा अनेक विषयांच्या प्रबंधांत सहा-सात वर्षांच्या आकड्यांवर चौथ्या वा पाचव्या घाताचा वक्र बसवून पुढील वीस वर्षांचे भाकीत केलेले दिसते. भारताची २०२१ ची जनगणना ठरल्या वर्षी होऊ शकली नाही. परिणामी नियोजनाच्या अनेक कामांत २०११ च्या आकड्यांवर बेतलेले अंदाजच वापरावे लागले. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा आहे. त्यातील लाभार्थ्यांची व्याप्ती २०११ च्या जनगणनेच्या आधारे ठरविण्यात आली. आकड्यांच्या जागी अंदाज आला म्हणजे अंदाजाच्या रीतीवर शिधापत्रिका, शाळा आणि पाणीपुरवठा अवलंबून राहतो. म्हणूनच या साध्या उदाहरणाची चिकित्सा करणे आवश्यक ठरते.

सहा आकडे, सहा सहगुणक :

भारताची लोकसंख्या कोटींमध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत, पुढीलप्रमाणे आहे :

१९५१ : ३६.११
१९६१ : ४३.९२
१९७१ : ५४.८२
१९८१ : ६८.३३
१९९१ : ८४.६४
२००१ : १०२.८७
२०११ : १२१.०९

यांपैकी २०११ चा आकडा तूर्त बाजूला ठेवून उरलेले सहा घेतले, तर त्यांतून जाणारी पाचव्या घाताची बहुपदी एक आणि एकच असते. तिला सहा सहगुणक असतात. सहा अटी आणि सहा अज्ञाते, त्यामुळे उत्तर निश्चित. अंतरांच्या कोष्टकाने २००१ चे पहिले अंतर १८.२३, दुसरे १.९२, तिसरे उणे ०.८८, चौथे उणे १.०७ आणि पाचवे उणे १.७४ येते. पाचवे अंतर स्थिर मानून एक पाऊल पुढे गेल्यास २०११ साठी ११९.३३ कोटी हे उत्तर मिळते. प्रत्यक्ष आकडा १२१.०९ कोटी होता. चूक १.७६ कोटींची, म्हणजे दीड टक्क्याहून कमी. येथे थांबणाऱ्यास ही रीत उत्तम वाटेल.

याच कोष्टकाने पुढे चालत राहिल्यास मात्र वेगळे चित्र दिसते. २०२१ साठी १२५.७८ कोटी, २०३१ साठी १०७.६९ कोटी, २०४१ साठी ४२.५० कोटी आणि २०५१ साठी उणे १०२.१२ कोटी. भारताची लोकसंख्या ऋण होते, असे ही बहुपदी सांगते. हे उत्तर हास्यास्पद आहे हे कोणालाही कळते, परंतु ११९.३३ हे उत्तर ज्या सहगुणकांतून आले त्याच सहगुणकांतून हेही आले आहे. पहिले स्वीकारून दुसरे नाकारावयाचे असेल, तर तो निवाडा बहुपदीबाहेरच्या कोणत्या तरी ज्ञानावर आधारलेला असला पाहिजे.

आता २०११ चा आकडाही घेऊन सात आकड्यांतून सहाव्या घाताची बहुपदी काढली, तर २०२१ साठी १३८.१० कोटी आणि २०५१ साठी २६७.४८ कोटी हे उत्तर येते. केवळ एक आकडा वाढला आणि २०५१ चे भाकीत उणे १०२ कोटींवरून अधिक २६७ कोटींवर गेले. आधारसामग्री वाढली की अंदाज सुधारतो, असा सर्वसाधारण समज आहे. येथे आकडा वाढताना सहगुणकही तितकाच वाढला. त्यामुळे नव्या आकड्याने जुन्या अंदाजाची परीक्षा झालीच नाही. त्याने केवळ वक्राला नवे वळण दिले.

सहगुणकांची संख्या आकड्यांपेक्षा अधिक असेल, तर अवस्था याहून बिकट होते. सहा आकड्यांतून जाणाऱ्या सहाव्या घाताच्या बहुपदी अगणित आहेत. त्या सहाही वर्षांना शून्य होणारी एक बहुपदी घेऊन तिची कोणतीही पट मूळ पंचघाती बहुपदीत मिळवली, तरी सहाही आकडे जसेच्या तसे जुळतात. २०५१ साठी हवा तो आकडा मनात धरावा. तो देणारी आणि आधीच्या सर्व आकड्यांशी तंतोतंत जुळणारी बहुपदी सापडतेच. ज्या रीतीने कोणतेही भाकीत सिद्ध करता येते, त्या रीतीने काहीच सिद्ध होत नाही.

आसामचा आकडा आणि सहगुणकाचे चिन्ह :

वरील विवेचनात जनगणनेचे आकडे अचूक मानले होते. प्रत्यक्षात तसे नाही. १९८१ मध्ये आसाममधील अशांत परिस्थितीमुळे तेथे जनगणना होऊ शकली नाही. त्या वेळी आसामची अनुमानित लोकसंख्या धरून देशाचा आकडा ६८.५२ कोटी प्रसिद्ध झाला. १९९१ च्या गणनेनंतर आसामचा १९८१ चा आकडा १९७१ व १९९१ यांच्या दरम्यान अंतर्वेशनाने नव्याने काढण्यात आला आणि देशाचा आकडा ६८.३३ कोटी झाला. दोन्ही आकडे अधिकृत प्रकाशनांतून आलेले आहेत. फरक ०.१९ कोटींचा, म्हणजे सुमारे १९ लाखांचा. एकूण लोकसंख्येच्या तुलनेत तो पाव टक्क्याहून थोडा अधिक आहे.

पंचघाती बहुपदीत १९८१ साठी ६८.३३ ऐवजी ६८.५२ घातल्यास काय होते? पाचव्या अंतरात १९८१ च्या आकड्याचा गुणक दहा असतो. म्हणून पाचवे अंतर उणे १.७४ वरून अधिक ०.१६ वर जाते. बहुपदीच्या अग्र सहगुणकाचे चिन्हच बदलते. दूरच्या भविष्यात वक्र वर जाणार की खाली कोसळणार हे अग्र सहगुणकाच्या चिन्हावर ठरते. म्हणजे भारताची लोकसंख्या अनंताकडे जाईल की उणे अनंताकडे, याचा निर्णय आसामची १९८१ ची लोकसंख्या कोणत्या रीतीने अनुमानिली यावर अवलंबून राहतो.

हाच परिणाम २०५१ साठी मोजता येतो. लाग्रांजच्या सूत्राने २०५१ चे मूल्य काढताना सहा जनगणनांच्या आकड्यांना अनुक्रमे उणे १२६, अधिक ७००, उणे १५७५, अधिक १८००, उणे १०५० आणि अधिक २५२ हे गुणक लागतात. त्यांची बेरीज एकच येते. पण प्रत्येक गुणक स्वतंत्रपणे प्रचंड आहे. १९८१ मध्ये एक माणूस अधिक मोजला गेला तर २०५१ च्या अंदाजात १८०० माणसे वाढतात. १९७१ मध्ये एक अधिक मोजला गेला तर १५७५ माणसे कमी होतात. आसामच्या १९ लाखांमुळे अंदाज ३४२ कोटींनी सरकतो आणि उणे १०२ कोटींच्या जागी सुमारे अधिक २४० कोटी हे उत्तर येते. इतकेच काय, आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत छाटल्यामुळे प्रत्येकात जास्तीत जास्त पन्नास हजारांची जी चूक शिरू शकते, तिच्यामुळेही २०५१ चे उत्तर सुमारे साडेसत्तावीस कोटींपर्यंत सरकू शकते.

येथे अंतर्वेशनाची बाजूही मांडली पाहिजे. १९८१ चा आकडा वगळून उरलेल्या पाच आकड्यांतून चौथ्या घाताची बहुपदी काढली, तर ती १९८१ साठी ६८.५० कोटी देते. सुधारित आकड्यापेक्षा हे सुमारे १७ लाखांनीच अधिक आहे. म्हणजे दोन्ही बाजूंना आकड्यांचा आधार असताना हीच रीत समाधानकारक उत्तर देते. अर्थात मधल्या वर्षांसाठीही ही हमी बिनशर्त नाही. समान अंतरावरील बिंदूंतून उच्च घाताची बहुपदी नेल्यास टोकांजवळ ती कशी हेलकावे खाते, हे रुंगे यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले होते. शिवाय ६८.५० हे उत्तर ६८.५२ या जुन्या आकड्याला अधिक जवळ आहे म्हणून जुना आकडाच खरा, असा निष्कर्ष काढता येत नाही. वक्र गुळगुळीत जाणे हा बहुपदीचा स्वभाव आहे. तो लोकसंख्येबद्दलचा पुरावा नव्हे.

'आर-वर्ग' एक येण्याचा अर्थ :

सामाजिक शास्त्रांतील लेखांत वक्राची योग्यता ठरविण्यासाठी 'आर-वर्ग' हा निकष सर्रास वापरला जातो. १९५१ ते २००१ या सहा आकड्यांवर लघुतम वर्ग पद्धतीने सरळ रेषा बसवली तर आर-वर्ग ०.९८ येतो. द्विघाती बहुपदी बसवली तर तो ०.९९९९ होतो आणि पंचघाती बहुपदीसाठी तो बरोबर १ असतो. या चढत्या क्रमाने पाहणाऱ्यास पंचघाती बहुपदी सर्वश्रेष्ठ वाटते. वस्तुतः सहा आकडे आणि सहा सहगुणक असता आर-वर्ग १ येणारच. आकडे लोकसंख्येचे असोत वा फासे टाकून मिळवलेले असोत. वर्षे भिन्न असली की पुरे. घात वाढवला की आर-वर्ग कधीच कमी होत नाही. म्हणून घात निवडण्यासाठी तो निकष निरुपयोगी आहे.

लघुतम वर्ग पद्धतीत त्रुटीचे मोजमाप उरलेल्या स्वातंत्र्यमात्रांवरून होते, म्हणजेच आकड्यांच्या संख्येतून सहगुणकांची संख्या वजा करून जे उरते त्यावरून. पंचघाती बहुपदीत येथे शून्य उरते. त्यामुळे सहगुणक किती अनिश्चित आहेत हे सांगण्याचे साधनच हाती राहत नाही. शेष शून्य आले याचा अर्थ चूक शून्य आहे असा नसून, चूक मोजण्यासाठी काहीच शिल्लक ठेवलेले नाही असा आहे. भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनी २००४ मध्ये लिहिलेल्या आठवणीत १९५३ चा एक प्रसंग आहे. त्यांच्या गणनेत चार स्वैर प्राचल असल्याचे कळताच एन्रिको फर्मी यांनी फॉन नॉयमन यांच्या हत्तीच्या उक्तीचे स्मरण करून दिले. चार प्राचलांत हत्ती बसवता येतो आणि पाचव्याने त्याची सोंडही हलवता येते, असा त्या उक्तीचा आशय होता. सहा सहगुणकांचे सामर्थ्य यावरून ध्यानी यावे.

संगणकाने केलेली सोय आणि गैरसोय :

हाताने अंतरांचे कोष्टक मांडताना निदान प्रत्येक अंतर डोळ्यांसमोरून जात असे. तिसऱ्या अंतरापासून चिन्हे उलटसुलट होऊ लागली की सावध होण्याची संधी मिळे. एक्सेलमध्ये आलेखावर दोन घातांपासून सहा घातांपर्यंतची बहुपदी एका कळीसरशी बसवता येते आणि शेजारी समीकरण व आर-वर्गही छापून मिळतो. सात आकडे आणि सहावा घात निवडला की आर-वर्ग १ दिसतो आणि प्रबंधात तक्ता तयार होतो.

यात आणखी एक दोष लपलेला आहे. क्षैतिज अक्षावर १९५१, १९६१ अशी वर्षे जशीच्या तशी ठेवली, तर १९५१ चा पाचवा घात सुमारे २.८ गुणिले दहाचा सोळावा घात एवढा होतो. संगणकाच्या दुहेरी अचूकतेत सर्व पूर्णांक अचूकपणे मावण्याची मर्यादा दोनचा त्रेपन्नावा घात, म्हणजे सुमारे ९ गुणिले दहाचा पंधरावा घात, येथे संपते. मोठमोठी धन व ऋण पदे एकमेकांत वजा होऊन शंभर कोटींच्या आसपासचे उत्तर यावयाचे असते. अशा वजाबाकीत सार्थ अंक हरवतात. आलेखावर छापलेल्या समीकरणात सहगुणकांचे मोजकेच अंक दिसतात. ते अंक उतरवून घेऊन हिशेब केल्यास अग्र सहगुणकाच्या चौथ्या सार्थ अंकानंतरची छाटणीसुद्धा उत्तरात लाखो कोटींचा फरक पाडू शकते. वर्षांऐवजी मध्यापासूनची दशके, म्हणजे उणे २.५ ते अधिक २.५, अशी मोजणी केल्यास हा दोष बव्हंशी टळतो. मात्र याने केवळ आकडेमोडीचा दोष जातो. आकड्यांची उणीव त्याने भरून निघत नाही.

गाउस यांचे सहा आकडे :

येथपर्यंतचे विवेचन वाचून, आकडे थोडे असले की काहीच सांगता येत नाही, असा समज होण्याचा संभव आहे. विज्ञानाचा इतिहास याच्या विरुद्ध साक्ष देतो. १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मो येथे जुझेप्पे पियात्सी यांना सीरीझ हा लघुग्रह दिसला. ११ फेब्रुवारीपर्यंत त्यांनी त्याची निरीक्षणे घेतली. पुढे तो सूर्याच्या तेजात दिसेनासा झाला. एकेचाळीस दिवसांच्या निरीक्षणांवरून तो पुन्हा कोठे दिसेल हे सांगावयाचे होते. चोवीस वर्षांच्या कार्ल फ्रीड्रिख गाउस यांनी तीन निरीक्षणांवरून प्राथमिक कक्षा काढण्याची रीत योजली. ३१ डिसेंबर १८०१ रोजी फॉन झाख यांना सीरीझ गाउस यांनी सांगितलेल्या स्थानाजवळ पुन्हा सापडला.

तीन निरीक्षणे, प्रत्येकात दोन कोन, म्हणजे एकूण सहा आकडे. कक्षेची अज्ञाते, म्हणजे कक्षामूल्येही सहाच. स्वातंत्र्यमात्रा शून्य. हिशेबाच्या दृष्टीने ही स्थिती जनगणनेच्या पंचघाती बहुपदीसारखीच आहे. मग एक भाकीत आकाशात खरे ठरते आणि दुसरे लोकसंख्येला उणे शंभर कोटींवर नेते, हे कसे?

फरक आकड्यांच्या संख्येत नाही. सूत्राचे रूप कोठून आले यात आहे. ग्रह सूर्याभोवती शंकुच्छेदाच्या कक्षेत फिरतो आणि सूर्य त्या शंकुच्छेदाच्या नाभीत असतो, हे केप्लर व न्यूटन यांच्यापासून सिद्ध होत आले होते. हजारो पूर्वनिरीक्षणांचे सार त्या एका नियमात सामावले होते. गाउस यांच्या सहा आकड्यांना सारे काही सांगावयाचे नव्हते. ज्ञात कुटुंबातील कोणती कक्षा, एवढेच सांगावयाचे होते. पंचघाती बहुपदीच्या मागे असे कोणतेही ज्ञान नाही. लोकसंख्या काळाच्या पाचव्या घातावर अवलंबून असते, असे कोणताही लोकसंख्याशास्त्रज्ञ म्हणत नाही. घात पाच का, तर आकडे सहा होते म्हणून. सूत्राचे रूप विषयातून न येता आकड्यांच्या मोजदादीतून येते, तेथेच या रीतीचे मर्म हरवते.

याचे अलीकडचे सार्वजनिक उदाहरण २०२० मधील आहे. त्या वर्षी मे महिन्याच्या प्रारंभी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने कोविडच्या दैनंदिन मृत्यूंवर बसवलेला त्रिघाती वक्र प्रसिद्ध केला. तो वक्र मेच्या मध्यास शून्याजवळ पोहोचत होता. प्रत्यक्षात मेच्या अखेरीस त्या देशातील मृतांची एकूण संख्या एक लाखाच्या पुढे गेली आणि साथ पुढेही चालू राहिली. येथे आकडे सहाच नव्हते, पुष्कळ होते. पण संसर्ग कसा पसरतो याचे कोणतेही ज्ञान त्या वक्रात नव्हते. म्हणजे अपुरेपणा केवळ संख्येचा नसतो. पुढे काय होणार याबद्दल आकड्यांत माहिती नसणे हाही अपुरेपणाच होय.

एक आक्षेप आणि त्याचा विचार :

या चिकित्सेवर एक आक्षेप घेतला जाणे स्वाभाविक आहे. पाठ्यपुस्तकातील उदाहरण सूत्राचा सराव व्हावा यासाठी असते. आकडे लोकसंख्येचे की तापमानाचे याला तेथे महत्त्व नसते. पदवीच्या दुसऱ्या वर्षातील विद्यार्थ्यावर लोकसंख्याशास्त्राचे ओझे कशाला?

या आक्षेपात तथ्य आहे. न्यूटन आणि लाग्रांज यांची सूत्रे शिकलीच पाहिजेत. अंकीय समाकलनापासून अवकल समीकरणांपर्यंत सर्वत्र ती पायाभूत आहेत. परंतु सरावासाठीच आकडे हवे असतील तर घनमूळांचे वा लॉगरिदमचे कोष्टक पुरेसे आहे. तेथे फलन ज्ञात असते आणि चुकीची मर्यादाही सूत्राने काढता येते. लोकसंख्येचे नाव घेतले की उत्तर जगाविषयी काही सांगते, असा दावा त्यात आपोआप येतो. विद्यार्थी सूत्र विसरतो, पण 'आकड्यांतून वक्र न्यावा आणि भविष्य वाचावे' हा संस्कार विसरत नाही. प्रबंधांतील वक्र हे त्या संस्काराचेच फळ आहे. म्हणून उदाहरण काढून टाकण्याची गरज नाही. ते अपुरे सोडले जाते हा खरा दोष आहे. २०११ चा अंदाज काढून झाल्यावर २०५१ चाही काढावयास सांगावे, एक आकडा पाव टक्क्याने बदलून पुन्हा काढावयास सांगावे. दोन जादा प्रश्नांनी तेच उदाहरण संख्याशास्त्राचा उत्तम धडा ठरेल.

पर्यायी मार्ग :

पहिला मार्ग घात कमी ठेवण्याचा. सहा आकड्यांवर लघुतम वर्ग पद्धतीने द्विघाती बहुपदी बसवल्यास आसामच्या १९ लाखांमुळे २०५१ चा अंदाज केवळ सुमारे ०.६५ कोटींनी बदलतो. ३४२ कोटींशी याची तुलना करावी. सहगुणक स्थिर झाले. पण स्थिर म्हणजे सत्य नव्हे. ही द्विघाती बहुपदी २०११ साठी १२४.३५ कोटी देते, जे प्रत्यक्षापेक्षा ३.२६ कोटींनी अधिक आहे, आणि २०५१ साठी सुमारे २३६ कोटी देते. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार भारताची लोकसंख्या २०६० च्या दशकाच्या प्रारंभी सुमारे १७० कोटींचे शिखर गाठेल. सरळ रेषा २०५१ साठी सुमारे १६६ कोटी देते, जे त्या अंदाजाच्या आसपास आहे. पण तीच रेषा २०११ साठी नऊ कोटींनी चुकते. एखादे उत्तर जुळले म्हणून रीत बरोबर ठरत नाही, हेच यातून पुन्हा दिसते.

दुसरा मार्ग सहगुणकांवर बंधन घालण्याचा. होअर्ल व केनर्ड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिज समाश्रयणात मोठ्या सहगुणकांना दंड लावला जातो. बेझच्या पद्धतीत सहगुणकांविषयीचे पूर्वज्ञान संभाव्यतेच्या रूपात आधीच मांडले जाते. आकडे सहगुणकांपेक्षा कमी असले तरी या रीतींनी एकमेव उत्तर मिळते. मात्र ते उत्तर अंशतः आकड्यांचे आणि अंशतः अभ्यासकाने घातलेल्या बंधनाचे असते. यात काही गैर नाही. गैर आहे ते बंधन न सांगणे.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा मार्ग म्हणजे सूत्राचे रूप विषयातून घेणे. २००१ ते २०११ या दशकातील वाढ १८.२२ कोटी होती, आधीच्या दशकातील १८.२३ कोटी. दुसरे अंतर जवळजवळ शून्यावर आले. याचे कारण काळाच्या घातांत नाही. घटत्या जननदरात आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ या फेरीत एकूण जननदर २.० पर्यंत खाली आलेला आढळला. जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांचा वयोगटनिहाय स्वतंत्र हिशेब करणारी घटक पद्धती हे ज्ञान वापरते. केंद्र शासनाच्या तांत्रिक गटाने २०११ ते २०३६ या काळाचे अंदाज मुख्यतः याच पद्धतीने केले असून त्यांत २०३६ ची लोकसंख्या सुमारे १५२ कोटी धरली आहे. ते अंदाजही चुकू शकतात. परंतु चुकले तर कोणते गृहीतक चुकले हे दाखवता येते. पंचघाती बहुपदी चुकली तर तिच्या कोणत्या सहगुणकाला जाब विचारावा?

निष्कर्ष :

१. आकड्यांइतकेच सहगुणक असलेली बहुपदी आकड्यांशी तंतोतंत जुळते, हे तिच्या रचनेतूनच येते. त्यावरून तिच्या योग्यतेविषयी काहीही सिद्ध होत नाही.

२. अशा बहुपदीचे उच्च घाताचे सहगुणक आधारसामग्रीतील अल्प त्रुटींना कमालीचे संवेदनशील असतात. १९८१ च्या दोन अधिकृत आकड्यांतील फरकाने अग्र सहगुणकाचे चिन्ह उलटते.

३. अंतर्वेशन आणि बहिर्वेशन यांची विश्वासार्हता भिन्न आहे. अध्यापनात दोन्ही एकाच सूत्राची रूपे म्हणून शिकवताना हा भेद ठळकपणे सांगितला पाहिजे.

४. थोड्या आकड्यांवरून भाकीत करणे अशक्य नाही. पण आकड्यांची उणीव विषयज्ञानानेच भरून काढावी लागते. घात वाढवल्याने ती भरून निघत नाही.

५. प्रबंध व शोधनिबंधांच्या परीक्षणात वक्राबरोबर आकड्यांची संख्या, सहगुणकांची संख्या आणि एक आकडा वगळून केलेली पडताळणी यांची मागणी करणे इष्ट ठरेल.

समारोप :

जनगणनेचा प्रत्येक आकडा हा लक्षावधी प्रगणकांनी दारोदार जाऊन केलेल्या श्रमांचे फळ आहे. ज्या वर्षी ते श्रम होत नाहीत त्या वर्षाची जागा रिकामी राहते. ती रिकामी जागा गुळगुळीत वक्राने झाकता येते, भरता मात्र येत नाही. हाती असलेल्या सहा आकड्यांतून किती सांगता येते आणि कोठे थांबावे लागते, हे विद्यार्थ्याला शिकविणे हाही गणिताच्या अध्यापनाचाच भाग आहे. 'या आधारसामग्रीवरून २०५१ विषयी काही सांगता येत नाही' हे उत्तरही परीक्षेत पूर्ण गुणांना पात्र ठरावे, एवढी अपेक्षा गैरवाजवी म्हणता येणार नाही.